आल्तारावरची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. औषधांची. रंग पांढरा, झाकणावर लाल क्रॉस आणि उजव्या कोपऱ्याला एक मोठा पोचा. आपली जीवनकथा सांगणाऱ्या वस्तू बहुधा हळव्या असतात. छत्री डोळे पुसते, खुर्ची सुस्कारे टाकते आणि शेवटी सगळ्याजणी म्हणतात, आम्हाला जपा हो. मी तसं म्हणणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. समोर तुम्ही मुलं बसला आहात म्हणून तोंड सांभाळून बोलेन, एवढंच.

माझा जन्म वालीवचा. एका लहानशा शेडमध्ये अल्पेश नावाचा कारागीर पत्रा कापून वाकवायचा आणि शांताबाई रंग द्यायच्या. त्या शेडच्या दाराशी खिळ्यावर माझीच एक थोरली बहीण टांगलेली होती. तिचं झाकण सदा अर्धवट उघडं, आतला कापूस बाहेर डोकावत असलेला. मी अजून ओली होते, रंग वाळायचा होता, तेव्हा पत्र्याच्या धारेने अल्पेशचा अंगठा चिरला. शांताबाईंनी ब्रश टाकला, त्याला ओढत नळाखाली नेलं, साबणाने जखम धुतली, थोरलीच्या पोटातलं औषध लावलं, पट्टी बांधली आणि म्हणाल्या, “जा आता, समोरच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये. आल्याशिवाय डबा उघडायचा नाही.” जेवणाच्या सुट्टीपर्यंत अल्पेश परत आला आणि एका हाताने भाजी-भाकरी खायला बसला.

आपण कशासाठी जन्मलो हे मला त्या दिवशी कळलं. लागलं की उघडायचं. इतकं सरळ होतं ते.

मला विकत घेतलं ते पाचूबंदरच्या डेरिक नाखवाने. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. ‘सागरतारा’ ही त्याची बोट. हंगाम सुरू व्हायच्या आधी बोटीची तपासणी होते, आणि तपासणीच्या यादीत ‘प्रथमोपचार पेटी, एक’ असं लिहिलेलं होतं. म्हणून मी. डेरिक वाईट माणूस नव्हता हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

जुलै संपत आला होता. बोटी अजून किनाऱ्यावर होत्या. सागरताराच्या इंजिनात मेकॅनिकने डोकं खुपसलं होतं, सुतार फळ्यांच्या फटी बुजवत होता, दोघेजण जाळ्याचा वाव न् वाव तपासत होते. त्याच वेळी सिस्टर मनोरमा धक्क्यावर आल्या. आरोग्य केंद्रातल्या नर्स. राहायला विरारला मनवेलपाड्यात. खांद्याला पिशवी, हातात रक्तदाब मोजायचं यंत्र. खलाशांची तपासणी करायची म्हणून झाडाखाली टेबल मांडून त्या सकाळपासून बसल्या होत्या. टेबलापाशी आले तिघे, त्यातले दोघे सावलीसाठी.

“आमाला काय झालंय, सिस्टर?” डेरिक हसत म्हणाला. “आमची मानसं दगडासारखी हायत.”

“आणि तुमच्या इंजिनाला काय झालंय? तेही चालू आहे ना? मग हा मेकॅनिक कशाला बोलावलात?”

आजूबाजूचे हसले. डेरिकही हसला. पण टेबलाकडे कोणी सरकलं नाही.

सिस्टर चिवट बाई. त्यांनी माझं झाकण उघडलं, आतलं सामान पाहिलं, पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि टपोऱ्या अक्षरात लिहायला बसल्या. लिहून झाल्यावर तो कागद त्यांनी माझ्या झाकणाला आतून चिकटवला, वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली. “बाहेर लावला तर पहिल्या लाटेत जाईल,” त्या डेरिकला म्हणाल्या. “आत राहील. पण नाखवा, हा सगळ्यांना वाचून दाखवा. बोट सुटायच्या आधी. विसरू नका.”

“नाय विसरत,” डेरिक म्हणाला. आणि विसरला.

आता कुलपाची गोष्ट. ती नीट ऐका, कारण माझा सगळा राग तिथे अडकलेला आहे.

हंगामाच्या पहिल्या दिवशी फादर येतात, बोटींवर पवित्र पाणी शिंपडतात, प्रार्थना म्हणतात. डेरिकच्या घरात आजोबांपासूनची एक रीत आहे. बोटीवरच्या ज्या वस्तूवर ते पाणी पडेल, तिचं काहीतरी घरी आणून आल्तारावर, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यावर, मारियामातेच्या पायाशी ठेवायचं. जाळ्याचा एक तुकडा. नव्या दोराचं टोक. इंजिनाची जादा किल्ली. माणसं समुद्रात, आणि त्यांची खूण घरच्या देवापाशी. सोबतीला रोज मेणबत्ती. डेरिकची बायको रिटा ती न चुकता लावते.

माझ्यावरही पाणी पडलं. चार थेंब, झाकणावर, बरोबर क्रॉसवर. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण आता माझं काय ठेवायचं? मला ना टोक, ना तुकडा. डेरिकने थोडा विचार केला, बाजारात गेला आणि एक पितळी कुलूप घेऊन आला. मला कुलूप घातलं आणि किल्ली घरी नेऊन आल्तारावर ठेवली.

कळलं ना? चोरासाठी नव्हे. किल्ली ठेवता यावी म्हणून कुलूप आणलं! सामान जागच्या जागी राहील, तपासणीला पेटी भरलेली दिसेल, हा वरचा फायदा. आशीर्वाद मिळालेली, भरलेली, चकचकीत औषधपेटी केबिनमध्ये मारियेच्या तसबिरीखाली स्क्रूने घट्ट बसवली आणि तिची किल्ली घेऊन माणूस जमिनीवर राहिला. श्रद्धेने केलं, मायेने केलं, आणि म्हणून मला धड शिवीही देता येत नाही.

सागरताराचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, प्लासिड. त्याच्या हाताखाली सहा खलाशी. त्यातला एक विलास, जव्हारकडच्या पाड्यावरचा, चाळिशीचा, बारा हंगाम याच बोटीवर. मला त्याच्याबद्दल जरा जास्त सांगावं लागेल.

काम नसलं की विलास केबिनच्या दाराशी, बरोबर माझ्या खाली बसून फाटलेलं जाळं विणायचा. उजव्या हातात सुई, डाव्यात ताण. ते हात चालायला लागले की बघत राहावं. गाठ कधी पडली आणि सुई पुढच्या घरात कधी गेली ते दिसायचंच नाही. दुसऱ्या बोटींवरचे लोक आपली जाळी त्याच्याकडे घेऊन यायचे. “इलासचा हात लागला का जालं नवं होतं,” असं प्लासिड सगळ्यांना सांगायचा. विलास कमी बोलायचा. त्याच्या सगळ्या मोठेपणाला जागा त्या उजव्या हातात होती.

ते हात, आणि असे बाकीचे बारा हात, मी रोज बघत होते. खाऱ्या पाण्याने चिरलेले. दोरीने सोललेले. एकाची कंबर सरळ होत नव्हती, एकाच्या डोळ्यांवर उन्हाने पडदा चढत होता. चिरांवर ते डिझेलचा बोळा लावायचे, दुखलं की तंबाखू मळायचे. माझ्या पोटात मलम होतं. मी हात-सव्वा हात वर बसवलेली होते. असून नसल्यासारखी.

गणपती विसर्जन होऊन गेलं होतं. बोट लांब गेली होती, सात दिवसांच्या फेरीला. दुसऱ्या दिवशी दुपारी जाळं वर घेतलं तर त्यात शिंगाळे खूप. शिंगाळ्याच्या पाठीला आणि कल्ल्यांजवळ काटे असतात, विषारी. आधी दांडक्याने काटा मोडायचा आणि मग मासा सोडवायचा, हे पोरासोरांनाही ठाऊक. विलासलाही ठाऊक होतं. पण जाळं गुंतलं होतं, ते कापू नये म्हणून त्याने मासा तसाच हळूच सोडवायला घेतला. मासा उसळला. काटा उजव्या तळव्यात, बोटांच्या मुळाशी घुसला.

त्याने हूं की चूं केलं नाही. काटा ओढून काढला, चुना-तंबाखूचा गोळा जखमेत दाबला, वरून डिझेलची चिंधी बांधली आणि पुढचा मासा हातात घेतला.

तिसऱ्या दिवशी तळवा पावासारखा फुगला. विलास डाव्या हाताने जाळं ओढू लागला. त्या दिवशी पापलेट लागलं. मित्रांनो, पापलेट लागलं की बोटीवर दुसरं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. मीही बोटीवरच असते, मला माहीत आहे. म्हणून मी कोणाला दोष देत नाही असं म्हणायला हवं. पण देते. सहाच्या सहा जणांना देते, आणि तांडेलाला दुप्पट देते.

चौथ्या दिवशी सकाळी विलासला ताप भरला. मनगटापर्यंत लाल रेघ चढली होती. प्लासिड केबिनमध्ये आला, माझं कुलूप धरून त्याने हिसका दिला.

“किल्ली कंय हाय?” कोणीतरी विचारलं.

“आल्तारावर.”

“मंग फोडा ना.”

प्लासिडने वर तसबिरीकडे पाहिलं. “फादरनी पानी शिंपडलंय हिच्यावर. फोडू कशी? नाखवा काय बोलंल?” फोन लागत नव्हता, किनारा लांब होता. त्याने कुलूप सोडलं. “उद्या सकालपर्यंत बगू. इलास, निज तू जरा.”

मी ओरडले. माझ्या पत्र्यात जेवढा आवाज होता तेवढा लाटेच्या प्रत्येक धक्क्याला बाहेर काढला. कुलूप खडखडलं, झाकण वाजलं. त्यांना वाटलं, समुद्र जरा चढलाय.

पाचव्या दिवशी सकाळी विलास बरळायला लागला. पाड्यावरच्या कुणाला तरी हाका मारू लागला. तेव्हा प्लासिडने बोट फिरवली, आणि नांगराजवळची लोखंडी पहार घेऊन आत आला. पहिला घाव चुकून माझ्या कोपऱ्यावर बसला. हा पोचा तेव्हाचा. दुसऱ्या घावाला कुलूप उडालं. मला दुखलं नाही. खरं सांगते, जन्मात इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

झाकण वर गेलं आणि सिस्टरचा कागद समोर आला. प्लासिड शिकलेला, त्याने नकळत मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“शिंगाळा किंवा पाकट टोचल्यास. एक, काटा काढून जखम लगेच साबणाने व गोड्या पाण्याने धुवा. दोन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात तासभर बुडवून ठेवा. चुना, तंबाखू, डिझेल लावू नका. तीन, धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे जा. सूज वाढली किंवा ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी बोट फिरवा.”

केबिनच्या दारात बाकीचे उभे होते. स्टोव्ह तिथेच होता. त्यावर चहाचं पाणी उकळत होतं. पाच दिवस दिवसातून सहा वेळा त्या स्टोव्हवर पाणी उकळलं होतं. साबणाची वडी पिंपाजवळ होती. माझ्यातल्या औषधाचंही काटा टोचला त्या दिवशी कुणाला काम नव्हतं, मित्रांनो. नुसते ते चार शब्द हवे होते, आणि तेच कुलपात होते.

“चा उतरव,” प्लासिड म्हणाला. “पानी दे हिकडं.” त्याने हात धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली, तापाची गोळी दिली. बैल गेला आणि झोपा केला.

किनारा दिसू लागला तेव्हा फोन लागला. प्लासिडने डेरिकला सांगितलं. पण आम्ही पोचलो ती वेळ ओहोटीची. खाडीच्या तोंडाशी बोट चिखलात टेकली. समोर किल्ल्याचा तट दिसत होता, धक्क्यावरची माणसं ओळखू येत होती, आणि मध्ये मांडीएवढा गाळ. ओहोटी काय आजची आहे? तिची वेळ इथल्या प्रत्येकाला तिथीवरून तोंडपाठ असते. पण ओहोटीत आजारी माणूस उतरवायचा कसा, याचा विचार कोणी केलेला नाही. मासा उतरवायचा विचार केलेला आहे. मासा भरतीची वाट बघतो, त्याला बर्फ असतो.

शेवटी चौघांनी विलासला फळीवर घातलं आणि गाळातून चालत निघाले. प्लासिडने मला स्क्रूसकट उपटून काखेत मारलं होतं, आतल्या कोणत्या गोळ्या दिल्या ते डॉक्टरला दाखवायला. एक पाऊल काढायचं, दुसरं रुतायचं. अर्धा तास लागला.

धक्क्यावर डेरिक उभा होता. अनवाणी, धापा टाकत. त्याने मूठ पुढे केली आणि उघडली.

“किल्ली आनली,” तो म्हणाला.

माझं तुटलेलं कडं त्याला दिसलं. त्याने मूठ मिटली आणि फळीचा एक कोपरा खांद्यावर घेतला.

जवळचा दवाखाना बंद होता. दुपारी एकला बंद होतो. दवाखाना घड्याळावर चालतो आणि बोट भरतीवर, त्यांची गाठ पडायची कशी? तिथून रिक्षाने विरार. तिथल्या एका खासगी रुग्णालयात काउंटरवरच्या माणसाने विचारलं, पेशंटचं आरोग्य योजनेचं कार्ड? विलासचे सगळे कागद जव्हारकडे, घरी पत्र्याच्या पेटीत. माझ्याच कुठल्यातरी चुलत बहिणीच्या पोटात, कुलूपबंद. “बोटीवर कागद कोन नेतो, साहेब? भिजतात,” प्लासिड म्हणाला. तो माणूस मान हलवून पुढच्याशी बोलू लागला. तेव्हा डेरिकने काउंटरवर अशी थाप मारली की मी काखेतल्या काखेत हादरले. पण थापेने दार उघडत नाही. तिथून सरकारी रुग्णालय. तोवर दिवस कलला होता.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी हात पाहिला, पट्टी पाहिली, मग मला पाहिलं. झाकण उघडून कागद वाचला.

“ही पेटी बोटीवरच होती?”

“होती,” प्लासिड म्हणाला.

“मग?”

“किल्ली घरी व्हती,” डेरिक म्हणाला. त्या बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं.

विलास वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. नेमकी तीच, ज्यांत सुई धरतात.

आठवड्याने सिस्टर मनोरमा धक्क्यावर आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. डेरिक जाळ्याच्या ढिगाऱ्यावर बसला होता, मी त्याच्या पायाशी. सिस्टरांचा आवाज नेहमी मऊ असतो. त्या दिवशी नव्हता.

“नाखवा, तुम्ही तो कागद वाचून दाखवला होता का? हो की नाही?”

“नाय.”

“देवापाशी किल्ली ठेवलीत. देवाने हात दिलेत माणसांना, ते विसरलात? आणि मीसुद्धा मूर्ख! आत चिकटवला. पाठ करून घ्यायला हवा होता तुमच्याकडून, शाळेतल्या पोरांसारखा.” त्यांचे डोळे भरून आले आणि त्यामुळे त्या आणखी चिडल्या. “आता बसा सगळे. इथेच. कोणी हलायचं नाही.”

मित्रांनो, त्या दिवशी त्या धक्क्यावर आडदांड तांडेल आणि खलाशी मांडी घालून बसले आणि ‘जखम लगेच धुवा, गरम पाण्यात ठेवा’ असं मोठ्याने म्हणाले. रिटा तिथेच बोंबील वाळत घालत होती, तिनेही म्हटलं. मग घरी गेली आणि डेरिकने पुन्हा आल्तारावर नेऊन ठेवलेली ती किल्ली उचलून आणली. नवऱ्याला काही न विचारता तिने ती खाडीत भिरकावली. “मारियेला किल्ली नको, मानसं पायजेल,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर सिस्टर महिन्यातून दोनदा तिथी बघून, भरतीच्या वेळेला येतात, आपल्या सुट्टीच्या दिवशी. टेबलासमोर आता रांग असते. तुम्हाला वाटेल, चला, सगळं छान झालं. काही छान झालेलं नाही. दवाखाना अजून दुपारी एकलाच बंद होतो. गाळावरून माणूस अजून फळीवरच येतो. एका बाईच्या सुट्टीवर एवढ्या माणसांचं आयुष्य टांगलेलं आहे, आणि दर हंगामाला इंजिन मात्र तपासलं जातं. ताजं पापलेट ताटात वाढलं की ते कुठल्या हातांनी सोडवलं, हे तुमच्याही घरात कोणी विचारत नसेल. विचारा. पोरांनी विचारलं की मोठ्यांना जरा लाज वाटते.

मी पुन्हा सागरतारावर आहे, त्याच जागी. कापूस संपतो, मलम संपतं, पट्ट्या संपतात, प्लासिड आणून भरतो. अंगावर डिझेलचे, रक्ताचे, चहाचे डाग आहेत. तपासणीला आलेले साहेब नाक मुरडून म्हणाले, फार खराब झाली आहे, नवी घ्या. डेरिक म्हणाला, “नाय. हीच ऱ्हाईल.”

विलासही परत आला. जाळं ओढवत नाही, तो स्वयंपाक करतो. पहिले काही दिवस त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. मीही पत्र्याची, मला काय तोंड होतं? मग एका दुपारी तो उठला. माझं कडं पहारीने तुटलेलं, लाट आली की झाकण आपटायचं. त्याने जाळ्याच्या दोऱ्याचा एक तुकडा घेतला आणि डाव्या हाताने, दातांनी ताण धरून, माझ्या झाकणाला गाठ मारायला लागला. बारा हंगाम ज्याची गाठ दिसायची नाही, त्याला त्या एका गाठीला पाव तास लागला. मध्येच प्लासिड मदतीला वाकला, तर त्याच्यावर खेकसला.

“सर बाजूला. मी करतंय.”

गाठ वाकडी बसली. सैल बसली. त्याने ती एकदा ओढून पाहिली, एका हिसक्यात सुटली, आणि त्याने मान डोलावली. मग पुन्हा तशीच मारली.

तेव्हा मित्रांनो, मला जपू नका. माझ्यासारखी पेटी तुमच्या शाळेत असेल, घरी असेल, बसमध्ये असेल, तर जाऊन बघा तिला कुलूप आहे का. असलं तर किल्ली कुठे आहे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. मी चांगली दिसते की नाही याची मला आता पर्वा नाही. माझ्या झाकणाला विलासची डाव्या हाताची गाठ आहे, आणि ती कुणालाही उघडता येते.